मंगळवारचा चौथा तास

शाळेत संगीत शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, "म्हणजे ॲन्युअल फंक्शनचं सगळं तुमच्याकडेच असणार." असतं. पंधरा ऑगस्टचं समूहगान, सव्वीस जानेवारीची प्रभातफेरी, पाहुणे आले की स्वागतगीत, दहावी-बारावीचा निरोप समारंभ, सगळं माझ्याकडेच असतं. पण माझी नेमणूक त्यासाठी झालेली नाही. ती आठवड्याच्या तासांसाठी झाली आहे, आणि नोकरीतली माझी निम्मी शक्ती ते तास वाचवण्यात जाते. ग्वाल्हेरच्या शाळांचं कलेशी काय नातं आहे असं कुणी मला विचारलं, तर मी कार्यक्रमांचे फोटो काढून दाखवणार नाही. वेळापत्रक पुढे ठेवीन.

आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागातले. पणजोबा शिंद्यांच्या दरबारी नोकरीला होते, तेव्हापासून घर इथेच, टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीत. महाराज बाड्यावरून आत वळलं की बाजार सुरू होतो, आणि लग्नसराईत त्यातून सायकलसुद्धा हातात धरूनच न्यावी लागते. लश्करात पत्ता सांगताना अजून चिटणीस की गोठ, फालका बाजार, शिंदे की छावनी अशी नावं येतात. घरात मराठी, घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. माझे विद्यार्थी सराफ्यातले, दानाओलीतले, बाड्यामागच्या वस्त्यांतले. त्यांच्यात मराठी आडनावं आता थोडीच उरली आहेत, आणि त्यातल्याही बऱ्याच मुलांना मराठी कळतं पण बोलता येत नाही. 1928 मध्ये माधव श्रीहरी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आणि 1961 मध्ये कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन या गावात भरलं होतं. कुसुमावतीबाई संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. भा. रा. तांबे इथले राजकवी, त्यांनी देहही इथेच ठेवला. हे मी मुलांना सांगते तेव्हा ती ऐकून घेतात, पण त्यांच्या डोळ्यांत काही हलत नाही. भीमसेन जोशींची गोष्ट सांगितली की मात्र हलतं. अकरा वर्षांचा मुलगा गाणं शिकायचं म्हणून कर्नाटकातलं घर सोडून पळतो, भटकत भटकत ग्वाल्हेरला पोचतो, आणि सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांच्या मदतीने इथल्या माधव संगीत विद्यालयात दाखल होतो. "मॅम, घर से भागा था? सच में?" हा प्रश्न दरवर्षी येतो. त्यानंतरचा प्रश्न मी विचारते: पळून जायचं होतं तर ग्वाल्हेरलाच का?

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. मराठी माणूस ज्याला आपलं शास्त्रीय गाणं म्हणतो त्यातला मोठा भाग ग्वाल्हेरहून आलेला आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे येऊन वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ती गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. इथे लश्करात कृष्णराव शंकर पंडितांनी विशी नुकतीच ओलांडली असताना 1914 साली संगीताची शाळा सुरू केली, तीच शंकर गांधर्व महाविद्यालय म्हणून नावारूपाला आली. पाठोपाठ माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांना बोलावलं. भातखंडे मुंबईचे वकील, पण रागांची शिस्तशीर मांडणी करण्यात त्यांनी आयुष्य घातलेलं. राजाभैया पूछवाले यांच्यासह इथले काही गवई मुंबईला त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि 1918 मध्ये माधव संगीत विद्यालय उभं राहिलं.

मला या इतिहासातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. घराण्याचं गाणं गुरूच्या घरी, गुरूच्या मर्जीने, वर्षानुवर्षं सेवा करून मिळायचं. ते वर्गात आलं, त्याला इयत्ता आल्या, फळा आला, घंटा आली. अनेक जाणकारांना तेव्हा ते रुचलं नव्हतं, आणि वर्गात गवई तयार होत नाही हे त्यांचं म्हणणं खोटंही नाही. पण कुठल्याही घराण्यात न जन्मलेल्या मुलाला गाण्याचं दार उघडलं ते याच रचनेने. संगीताला वेळापत्रकात जागा देणारी ही कल्पना ज्या थोड्या गावांनी प्रत्यक्षात आणली, त्यांत आमचं गाव आहे. म्हणून याच गावातल्या साध्या शाळेत गणिताचा पोर्शन राहिला की संगीताचा तास त्याला देऊन टाकतात, तेव्हा मला ते नुसतं गैरसोयीचं वाटत नाही, लागतं.

तासात होतं काय ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं की मी पेटीवर प्रार्थना म्हणून घेते. सहावीचा वर्ग, पन्नासच्या घरात मुलं, पस्तीस मिनिटं. त्यातली पाच मिनिटं मुलं जागेवर बसण्यात जातात. मी भूपाली घेते. आधी नाव सांगत नाही, स्वर लिहून देत नाही. सा रे ग प ध एवढ्यावर आकाराने फिरत राहते आणि मुलांना सांगते, मधे मी एखादा परका स्वर घुसवीन, तो ऐकू आला की हात वर. पहिल्यांदा मध्यम लावला की चार-पाच हात वर होतात. महिनाभरात निम्मा वर्ग हात वर करतो, आणि काही मुलं मी मध्यमाकडे वळायच्या आतच, नुसत्या श्वासावरून ओळखतात. मग लक्षणगीत. भातखंड्यांनी शाळेतल्या मुलासाठी ही फार उपयोगी गोष्ट करून ठेवली आहे: रागात कोणते स्वर येतात, कोणते वर्ज्य, वादी-संवादी कोण, वेळ कोणती, हे सगळं त्याच रागात बांधलेल्या गीताच्या शब्दांतच सांगितलेलं. मूल गाणं पाठ करतं आणि व्याख्या आपोआप तोंडी बसते. परीक्षेत भूपालीची माहिती लिहा म्हटलं की माझी मुलं ओठ हलवत गुणगुणतात आणि लिहितात. पर्यवेक्षकांना आधी वाटायचं कॉपी चाललीय.

सातवी-आठवीत दुसरीच अडचण उभी राहते आणि ती कुठल्याच परिपत्रकात नसते. मुलांचे आवाज फुटतात. पाचवीपर्यंत सगळा वर्ग काळी चारमध्ये छान गात असतो. मग एका उन्हाळी सुट्टीनंतर निम्म्या मुलांना तो सा लागतच नाही. ओरडून लावला तर चिरकतो, बाकीचे हसतात, आणि तो मुलगा त्या दिवसापासून गाणं सोडतो. किती चांगले आवाज असे गप्प झालेले मी पाहिले आहेत! उपाय साधा आहे पण त्याला वेळ लागतो. अशा मुलांना वेगळं बसवायचं, पट्टी काळी एकपर्यंत खाली आणायची, वर्षभर तारसप्तकाकडे जाऊच द्यायचं नाही, आणि सांगायचं की हा आजार नाही, प्रत्येक पुरुष गवई यातून गेलेला आहे. तोवर ताल हातात द्यायचा. आठवड्याला एक तास असेल आणि तोही महिन्यातून दोनदा कापला जात असेल, तर यातलं काही करता येत नाही. आवाज फुटण्याची ही दोन वर्षं निघून जातात, आणि शाळेत संगीत म्हणजे मुलींचा विषय असं ठरून जातं.

ताल हातात देण्यावरून एक मुलगा आठवतो. वर्गात मागे बसणारा, वही अपुरी. मी केरव्याचे बोल फळ्यावर लिहिले होते आणि मुलं टाळीवर म्हणत होती. याने बाकावर दोन बोटांनी काहीतरी सुरू केलं. केरवाच, पण मी लिहिलेल्यापेक्षा कितीतरी भरलेला, मधल्या मात्रांवर हलके झोल देत, आणि लय एक केसभर न ढळता. विचारलं तर म्हणाला, पप्पा बँडमध्ये साइड ड्रम वाजवतात, सीझनमध्ये मीपण जातो. केरवा हे नाव त्याला माहीत नव्हतं. त्याच्या घरी त्याला 'बारातवाली चाल' म्हणत. त्याची शिक्षिका म्हणून माझं काम एवढंच उरलं होतं की जे त्याला येतं त्याचं नाव त्याला सांगावं आणि मग दादरा, रूपक, तीनताल असं पुढे न्यावं. पण मला बोलायचं आहे ते शाळेविषयी. त्याच्या प्रवेशअर्जात वडिलांच्या व्यवसायासमोर 'मजुरी' लिहिलं होतं. वर्षानुवर्षं गावातल्या वराती ज्यांच्या वाजवण्यावर निघतात त्या माणसाला आपल्या मुलाच्या शाळेत आपण वाजवणारे आहोत असं लिहावंसं वाटलं नाही.

हे एकट्या बँडवाल्यांचं नाही. आमच्या शाळेच्या आसपास चालत पोचण्याइतक्या अंतरावर जे लोक हाताने काही घडवतात, वाजवतात, रंगवतात, त्यांचा शाळेशी संबंध फक्त फी भरण्यापुरता येतो. सीबीएसईने 2020 पासून कलेशी जोडलेला प्रकल्प पहिली ते दहावी सक्तीचा केला. हेतू उत्तम. 'एक भारत श्रेष्ठ भारत'मध्ये मध्य प्रदेशची जोडी मणिपूर आणि नागालँडशी लावलेली आहे, म्हणून प्रकल्प बहुधा त्यावर होतात. मणिपूरच्या नाचाविषयी आमच्या मुलांना कळावं, यात आनंदच आहे. पण ते कसं होतं? रात्री आई-वडील मोबाइलवर चित्रं शोधतात, बाड्यावरच्या दुकानातून प्रिंट काढतात, चार्टपेपरवर चिकटवतात, कडेने चमकी लावतात. मणिपुरी माणूस मुलाने पाहिलेला नसतो, त्याचा ढोल ऐकलेला नसतो. गुण मिळतात.

असाच एक प्रकल्पाचा हंगाम होता आणि मी घरून शाळेत चालले होते. टोपी बाजारात एक चाचा आहेत, साफे आणि पगड्या बांधून देतात. लहानपणापासून मी त्यांना त्याच फळीवर बसलेलं पाहत आले आहे. त्या दिवशी त्यांच्या गुडघ्यावर शिंदेशाही पगडी होती. पुढे टोक काढलेली ही पगडी ग्वाल्हेरबाहेर फारशी दिसणार नाही. चंदेरीच्या तलम कापडाला पीळ देत देत ते थरावर थर बसवत होते. मी थांबून विचारलं, चाचा, शाळेत येऊन दाखवाल का? त्यांनी आधी वर पाहिलंच नाही. पीळ सुटला असता. थर बसवून झाल्यावर म्हणाले, "बेटा, स्कूल में हमारा क्या काम?"

ते आले. पगडी वर्गात होण्यासारखी नव्हती, म्हणून साफा आणला. त्यांनी कापड उलगडायला लावलं. एक टोक फळ्यापाशी एका मुलीच्या हातात, दुसरं मागच्या दारापर्यंत गेलं, दाराबाहेर व्हरांड्यात गेलं, तरी हातात उरलंच. मुलं आपापल्या बाकाशी उभी राहून ते कापड तळहातांवर धरून होती. चाचा एका मुलाच्या डोक्यावर बांधायला लागले आणि मागची मुलं कापड ओढू लागली. "खींचो मत, छोड़ते जाओ," ते म्हणाले. "जितना मैं लूँ, उतना छोड़ो।" दोन-तीन वेढ्यांत सगळ्या वर्गाला ती लय कळली. पुढे वेढा पडला की मागे तेवढंच कापड सुटत होतं. मी पेटीवर जे महिनोन्महिने समजावते, की आपला स्वर सोडायचाही नाही आणि शेजाऱ्याच्या अंगावर घालायचाही नाही, ते मला पुन्हा सांगावं लागलं नाही. त्यानंतर मुलांनी स्वतःहून प्रश्न विचारले. कोणत्या जातीत कसा बांधतात, शोकात कुठला रंग, एका साफ्याचे किती मिळतात, मुलींना का बांधत नाहीत. शेवटच्या प्रश्नावर चाचांनी ती विचारणारीलाच पुढे बोलावलं आणि तिला बांधला.

पुढे जे झालं तेही सांगायला हवं. मी त्यांना मानधन द्यायचा अर्ज केला. हिशेबाच्या खिडकीत सांगितलं की बिल लागेल, छापील, नंबर असलेलं. चाचांकडे बिलबुक नाही. संस्थेचं नाव, पदवी, अनुभवाचा दाखला असेही रकाने होते. मुख्याध्यापिका सहृदय होत्या, पण कागद पुढे सरकेना. शेवटी स्टाफरूममध्ये आम्ही वर्गणी काढली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट लिहिलं आहे की स्थानिक कलावंत, कारागीर यांना शाळांनी प्रशिक्षक म्हणून बोलवावं, आणि अभ्यासाचे विषय व अभ्यासेतर उपक्रम अशी भिंत ठेवू नये. सहावीला एनसीईआरटीचं 'कृति' नावाचं कलेचं पाठ्यपुस्तकही आलं. दिल्लीत जे लिहिलं गेलं ते योग्य आहे. अडतं ते शाळेच्या खिडकीत, जिथे वयस्कर कारागिराच्या मानधनासाठी रकाना नाही. ही गोष्ट कुठलाही शिक्षणाधिकारी एका आदेशाने सोडवू शकतो.

आता तानसेन समारोहाविषयी, कारण ग्वाल्हेर म्हटलं की तोच आठवतो. डिसेंबरात हजीऱ्याला मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात, तानसेनाच्या समाधीपाशी तो होतो. 1924 पासूनची परंपरा, 2024 मध्ये त्याचा शंभरावा सोहळा झाला. सकाळी शहनाई वाजते, ढोलीबुवांची हरिकथा होते आणि मिलाद पढला जातो. एकाच अंगणात, एकाच सकाळी. मराठी वाचकांना हे मुद्दाम सांगते की ढोलीबुवांची परंपरा म्हणजे आपल्या नाथपंथी कीर्तनाचीच इथे रुजलेली फांदी आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सर्वधर्मसमभावावर धडा असतो. तो शिकवायला याहून चांगला वर्ग मला माहीत नाही, आणि तो फुकट आहे, सगळ्यांना खुला आहे. तरी त्या सकाळी तिथे शाळेचा गणवेश क्वचितच दिसतो. कारण सोपं आहे. सहामाही परीक्षा साधारण त्याच सुमारास असते.

सभांच्या सुरुवातीला गावातल्या संगीत महाविद्यालयांचे विद्यार्थी ध्रुपद गातात. ही फार चांगली प्रथा आहे. त्या मुलांच्या चेहऱ्यावर किती भीती आणि किती अभिमान असतो ते पाहायला मी दरवर्षी जाते. पण ती संगीताची निवड केलेली मुलं. ज्यांनी निवड केलेली नाही आणि करणारही नाहीत, जी पुढे सराफ्यात बसतील, इंजिनिअर होतील, पोलिसात जातील, त्यांच्यासाठी शाळेला काही करायचं आहे की नाही? श्रोते कुठून येणार?

परीक्षा संपल्यावर, समारोहाचे मंडप उतरल्यावर, मी आणि आमचे चित्रकलेचे सर मुलांना हजीऱ्याला नेतो. गर्दी नसते ते बरंच. मुलं आधी चिंचेच्या झाडाकडे धावतात. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, ही इथली जुनी समजूत. मूळ झाड गेलं, त्या जागी नवं लावलेलं आहे. पाला चावून सगळे तोंड वाकडं करतात. मग सर मुलांना गौस यांच्या मकबऱ्याच्या जाळ्यांपाशी बसवतात. सोळाव्या शतकातलं दगडी काम, एकेका जाळीची नक्षी वेगळी. सरांची पद्धत मला फार आवडते. ते 'जाळी काढा' असं म्हणत नाहीत. म्हणतात, नक्षीतला सगळ्यात लहान तुकडा शोधा, जो पुन्हा पुन्हा आला की सगळी जाळी तयार होते. मुलं चौकटीच्या कागदावर खोडत राहतात. कुणी षटकोन पकडतं, कुणी म्हणतं षटकोन नाही, त्यातला त्रिकोणच पुरे. वाद होतात. एकदा दोन मुली इतक्या भांडल्या की शेवटी दोघींनी आपापला तुकडा कातरून, जोडून जोडून सिद्ध करायचं ठरलं. पुढच्या आठवड्यात दोघी कागदाच्या पट्ट्या घेऊन आल्या. दोघींचीही जाळी जमली होती. कोन मोजून कसं जमलं ते गणिताच्या बाईंनी मग वर्गात समजावलं, आणि तो तास त्यांनी स्वतःहून चित्रकलेला दिला.

समारोहातली एक सभा बेहटला होते, तानसेनाच्या गावी, झिलमिल नदीच्या काठी. ग्वाल्हेरपासून पंचेचाळीसेक किलोमीटर. सकाळची सभा, कडाक्याची थंडी. मला ती गुजरी महालातल्या समारोपाच्या सभेपेक्षाही जवळची वाटते, कारण तिथे समोर गाव बसतं. गावातली मुलं गुडघे पोटाशी घेऊन सतरंजीवर पुढेच असतात आणि त्यांच्यात कुणी पाहुणा असल्यासारखं बसत नाही. आमच्या शहरी मुलांना तिथे नेलं की पहिला अर्धा तास ती चुळबुळतात. गावातली मुलंही चुळबुळतात, पण उठून जात नाहीत. ती दरवर्षी ऐकत आलेली आहेत.

25 डिसेंबर 2023 ला किल्ल्यावर 1282 तबलावादकांनी एकत्र वाजवलं आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून आपल्या सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं. वाराणसी आणि चेन्नईनंतर हा मान मिळालेलं हे भारतातलं तिसरं शहर. किल्ल्यावर मीही होते. एवढ्या जोड्यांचा एकत्र ठेका कानावर आला तेव्हा अंगावर काटा आला, हे खरंच सांगते. शहर एक होऊन अभिमानाने उभं होतं. मात्र त्या हजारांवर वादकांमध्ये माझ्या शाळेतलं एकही मूल नव्हतं, कारण शाळेत तबला शिकवणारं कुणी नाही. शाळेच्या कपाटात एक जोडी आहे, तिच्या दायाँची शाई उडालेली आहे. युनेस्कोचा मान मिळाल्यावर शाळांकडे कार्यक्रमांसाठी मुलं पाठवण्याची पत्रं वाढली. एका कार्यक्रमाला आमची मुलं भल्या सकाळी नेऊन बसवली आणि पाहुणे दुपारी आले. मुलांनी दोन ओळी गायल्या. त्या दोन ओळींच्या तयारीसाठी आधीचे सगळे तास गेले होते. असले कार्यक्रम बंद व्हावेत असं माझं म्हणणं नाही. रंगमंचावर उभं राहणं मुलाला शिकवतंच. पण जी दोन ओळींसाठी शिकली ती मुलं कार्यक्रमानंतर त्या दोन ओळीही विसरतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. जी भूपालीत हात वर करायला शिकली, ती दहा वर्षांनी बाड्यावर भेटतात तेव्हा सांगतात, मॅम, लिफ्टमध्ये अमुक गाणं वाजत होतं, भूपाली होता ना?

मंगळवारचा चौथा तास मला मिळाला तो एका मुख्याध्यापिकांमुळे. त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, तसं त्या मोकळेपणाने सांगत. त्यांनी एवढंच केलं की वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या शिक्षकांना सांगितलं, संगीत आणि चित्रकलेचा तास कुणी मागायचा नाही आणि कुणी द्यायचाही नाही. कार्यक्रमाची तालीम करायची तर शाळा सुटल्यावर. त्या वर्षी जादा पैसा आला नाही, नवी वाद्यं आली नाहीत, कुठलीही योजना आली नाही. पण त्या वर्षीच्या सातवीतल्या मुलांनी आवाज फुटल्यावरही गाणं सोडलं नाही. जीवाजीगंजमधल्या सरोद घरात त्यांना घेऊन गेले, हाफिज अली खाँसाहेबांचं घर ते, आता तिथे जुन्या वाद्यांचं संग्रहालय आहे. तिथे त्यांनी जे विचारलं ते कुठल्याही माहितीफलकावर लिहिलेलं नव्हतं. सरोदला पडदे का नसतात? मग स्वर कुठे आहे हे बोटाला कसं कळतं? चाचांकडून साफा बांधून घेतलेल्या त्या मुलीने सांगितलं, "करते-करते।"

मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या. नंतर आलेल्यांनीही तो नियम ठेवला आहे, अजून तरी. दुसऱ्या शाळांतले संगीत शिक्षक भेटतात, तेव्हा त्यांच्याकडे असा तास नसल्याचं ऐकते. कित्येक सरकारी शाळांत तर संगीत शिक्षकच नाही, आणि जिथे आहे तिथे तो जनगणनेला, निवडणुकीला आणि पोषण आहाराच्या नोंदींना जुंपलेला आहे. राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचं संगीत आणि कला विद्यापीठ 2008 पासून याच शहरात आहे. तिथून दरवर्षी शिकून बाहेर पडणारे तरुण शिकवण्या घेत फिरतात. त्यांच्यासाठी शाळांत जागा काढणं शहराला अशक्य नाही.

हे वाचणाऱ्यांत ग्वाल्हेरचे पालक असतील, इंदूरचे असतील, पुण्या-नागपूरचेही असतील. तुमच्या मुलांच्या शाळेतही थोड्याफार फरकाने हेच चालू असणार. पुढच्या पालकसभेला गुणपत्रिका घ्याल तेव्हा वेळापत्रकही मागून घ्या. संगीताचा आणि चित्रकलेचा तास कोणत्या वारी आहे, आणि गेल्या महिन्यात तो खरोखर किती वेळा झाला, हे वर्गशिक्षकांना विचारा. एकट्याने विचारू नका, शेजारच्या दोन पालकांना बरोबर घ्या.